पुसट रेघ

तुमसरला एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर मी नऊ वर्षं बसले. धानाचा ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन करायचं, पावती फाडायची, एवढं माझं काम. दोन वर्षांपूर्वी मिलच्या एका ट्रकने मागे येताना फाटकाचा खांब पाडला. ब्रेक लागत नाहीत, हे ड्रायव्हर महिनाभर सांगत होते. शेठजींनी ब्रेक दुरुस्त केले नाहीत, नागपूरहून सेफ्टी ऑफिसर आणला.

हा गृहस्थ पांढरे बूट घालून यायचा आणि कोंड्याच्या ढिगाजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचा. इथली माणसं नशेत असतात म्हणून अपघात होतात, हे त्याने मिल धड न पाहताच ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो लाळ तपासायच्या किटचा खोका घेऊन आला. लघवीत पाणी मिसळता येतं, लाळेत लबाडी चालत नाही, असं त्याने आम्हाला समजावलं. समजावताना त्याच्या स्वतःच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

ड्रायव्हरांना रांगेत उभं केलं. दहा मिनिटं तोंडात काही घालायचं नाही, मग कापसाची कांडी जिभेखाली धरायची, मग ती पट्टीच्या डबीत खुपसायची. निकाल रजिस्टरात लिहायला मला बसवलं.

सगळ्यांत जुने ड्रायव्हर आंबागडकडचे, साठीला टेकलेले. मी त्यांना काका म्हणायचे. चहापलीकडे त्यांना कशाचा नाद नव्हता. त्यांची कांडी लवकर भिजेना.

"लाळ सुटत नाही, म्हणजे समजून घ्या," ऑफिसर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"साहेब, मले शुगर आहे. तोंड सुकते," काका म्हणाले.

बाकीच्यांच्या रेघा ठळक होत्या, काकांच्या डबीत गांज्यासमोरची रेघ पुसट उमटली. ऑफिसरने ती डबी उंच धरून सगळ्यांना दाखवली. "गांजा. मॅडम, लिहा पॉझिटिव्ह."

मी लिहिलं. हात थांबला नाही, याची मला आजही किळस वाटते. काकांनी ट्रकची चावी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

दुपारी डबा खाताना खोक्यातला माहितीचा कागद माझ्या हाती लागला. इंग्रजी होता, पण सोपा होता. रेघ कितीही फिकी असली तरी नमुना साफ धरायचा. रेघ उमटलीच नाही तर संशय, आणि तोही प्रयोगशाळेतून पक्का करून घ्यायचा. खोकाभर पट्ट्या घेऊन फिरणाऱ्या या शहाण्याने एक पान वाचलं नव्हतं.

मी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"मॅडम, तुम्ही तुमचा काटा बघा," तो म्हणाला.

"बघतेच. आधी एक पट्टी तुम्ही तोंडात धरा. खर्रा थुंका, आम्ही दहा मिनिटं थांबतो."

ड्रायव्हर भोवती जमले होते, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. त्याचीही रेघ तशीच पुसट आली. तो डबी उजेडाकडे फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "हा लॉटच खराब दिसतो."

कोणी हसलंसुद्धा नाही. हसण्याइतकी त्याची किंमत उरली नव्हती.

शेठजींना कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "बरं, बोलावून घे त्या ड्रायव्हरले," ते म्हणाले, हरवलेला पोत्यांचा बारदाना सापडल्यासारखे. चूक झाली, हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. ऑफिसरची नोकरीही शाबूत राहिली.

रविवारी मी आंबागडला गेले. रजिस्टरमधला 'पॉझिटिव्ह' शब्द खोडून मी शेजारी 'साफ' लिहिलं होतं, त्या पानाचा फोटो मोबाइलवर काढून नेला होता. काकूंनी चहा ठेवला. काकांनी फोटोकडे पाहिलंही नाही.

"राहू द्या, बाई. मी काही येत नाही आता. गावात सांगून ठेवलं, डोयाले दिसत नाही म्हून सोडलं."

त्यांचे डोळे चांगले होते. आणि गांज्याची गोष्ट गावात त्यांच्याआधीच पोचली होती, हे मला येताना पानठेल्यावर कळलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. चहा पिऊन परत आले.