आत्याची पावलं

आमसुलं भिजत घातली की त्या आंबट वासाबरोबर मला लडाखची ती सकाळ आठवते. मी आणि माझी आत्या, रत्नागिरीच्या दोघी, विमानाने लेहला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी उंचावरची खिंड बघायला निघालो. वाटेत आत्याचं डोकं ठणकायला लागलं, मळमळायलाही लागलं. "पित्त झालंय गो, दुसरं काय!" म्हणत तिने आमसुलाच्या पाण्याची बाटली काढली. आमच्याकडे डोकं दुखलं की ते पित्तच. पण अर्धी बाटली संपली तरी बरं कसं वाटेना, याचं मला नवल वाटत होतं. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून तिला टाचेला अंगठा टेकवत चालायला सांगितलं. विरळ हवा बाधून मेंदूला सूज आली असेल तर डोकं दुखतं आणि तोलही जातो, म्हणाला. आत्या हसली. डोक्यावर भाताचा भारा घेऊन ओल्या बांधावरून जन्मभर चाललेली बाई ती! तिसऱ्या पावलाला माझ्या अंगावर कलंडली. ड्रायव्हरने तिथूनच गाडी माघारी वळवली. खाली इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी तिने विचारलं, "दुखत होतं डोकं, मग पाय कसे गो चुकले?" आता बांधावरून ती भारा घेऊन पुढे चालली की मी मागून तिच्या टाचांकडेच बघत राहते.