मिस्त्रीबाबांची लाकडी माणसं

"सांभाळ हं. ही पडली, तर तिकडं आई ठेचकाळंल." लाकडी बाहुली हातात देताना मिस्त्रीबाबा एवढंच म्हणायचे आणि डोळा मिचकावायचे.

पाथर्डीकडचं आमचं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. गावचे सुतार मिस्त्रीबाबा अशा प्रत्येक मुलाला आई-बापाची जोडी कोरून द्यायचे. आईच्या डोक्यावर मोळी, बापाच्या हातात कोयता. मीही ती उशाशी घेऊन झोपलो आहे. आज मी घरातला पहिला पदवीधर, त्याच गावात शिक्षक. त्यात त्या दोन वीतभर माणसांचा वाटा आहे असं मी मानतो.

त्यांचं ते वाक्य आम्हाला खरं वाटायचं. एकदा माझा लाकडी बाप ओट्यावरून पडला. मी रडत त्यांच्याकडे धावलो.

"तुझा बाप तसाबी रोज ठेचकाळतोय, लेका. खाली बघून चालतोय कुठं?"

गेल्या हंगामात तिसरीतल्या एका मुलीच्या हातून बापाची बाहुली शाळेच्या पायरीवर पडली. मान तुटली. तिने ती गुपचूप दप्तरात लपवली. चार दिवसांनी निरोप आला: उसाची ट्रॉली उलटली, बाप गेला.

मुलगी रडली नाही. दोन्ही तुकडे माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "गुरुजी, म्या पाडला."

मी हे मिस्त्रीबाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "मी गंमत करत हुतो, गुरुजी. गंमत हुती ती."

पुढच्या आठवड्यात ते नवी बाहुली घेऊन शाळेत आले. धोतर, टोपी, कानावर पेन्सिल. स्वतःलाच कोरलं होतं. मान मुद्दाम बारीक ठेवलेली.

"ह्यो मी. आपट बरं, पोरी."

"न्हाई." तिने ती छातीशी धरली.

मग त्यांनीच ती हिसकून फरशीवर आपटली. डोकं बाकाखाली गेलं. "बघ! काय झालं मला? दाढ तेवढी दुखती, ती आधीपास्नंच."

मुलगी हसली. पण तिची नजर त्यांच्यावरून हटेना.

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ते शाळेवरून जाऊ लागले, आणि ती फाटकाशी उभी राहून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळू लागली. पावसाळ्यात त्यांना खोकला धरला, अंग वाळलं. मी म्हणालो, "बाबा, घरी पडून राहा."

"पडून कसं चालंल? पोरगी बघती ना."

फाटक दिसलं की खोकला गिळून ते ताठ चालायचे. वळणापलीकडे गेले की लिंबाला धरून उभे राहायचे. मी ते खिडकीतून पाहत होतो.

यंदा आई मुलीला बरोबर घेऊन फडावर गेली. जीप निघाली तेव्हा मिस्त्रीबाबा रस्त्यात उभे राहून दोन्ही हात हलवत होते. नवव्या दिवशी ते गेले. मी तिच्या आईला कळवलं. ती म्हणाली, "पोरीला नका सांगू, गुरुजी."

काल मुलीने आईच्या मोबाईलवरून फोन केला. आधी पाढ्यांचं बोलली. मग हळूच विचारलं, "मिस्त्रीबाबा चालत्यात का?"

समोर रस्ता रिकामा होता.

"चालतात," मी म्हणालो.

गुढीपाडव्याला ती गावी येणार आहे.