सासूबाई आणि टर्कीची तुतारी

मस्कतच्या आमच्या ऑफिसात एक अमेरिकन इंजिनियर होता. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. साइटवर सूर बंदराला गेला की जिथे लाकडी जहाजं बांधतात तिथून सागवानाचे तुकडे उचलून आणायचा आणि घरच्या लेथवर काहीबाही कातत बसायचा. तो मस्कत सोडून कायमचा घरी जायला निघाला होता, त्या सुमारास एकदा चहाच्या वेळी त्याने खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. वीतभर लांबीची, एका टोकाला पेन्सिलीसारखी निमुळती, दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखी उमललेली लाकडी तुतारी.

"टर्की पक्ष्याच्या शिकारीची आहे," तो म्हणाला. "शिकारी झाडाला टेकून बसतो आणि हिच्यातून टर्कीच्या मादीचा आवाज काढतो. नराला वाटतं, कुणीतरी बोलावतंय. तो येतो."

"म्हणजे प्रेमात फसवून मारता?" मी विचारलं.

"येस, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला.

मग सगळ्यांनी ती फुंकून पाहिली. अकाउंटंटने फुंकली, ड्राफ्ट्समनने फुंकली. आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा सावरत पुढे आला आणि गाल फुगवून त्यानेही फुंकली. फुस्स. मला काय सुचलं कोण जाणे, मी फुंकायच्या ऐवजी ती ओढली, स्ट्रॉने ताक ओढावं तशी. बिजागरी करकरावी तसा आवाज आला. म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या.

"ही शिकेल," तो म्हणाला.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमागच्या पार्किंगमध्ये, एसीच्या घरघरीत, माझी शिकवणी सुरू झाली. नळी ओठांच्या मधोमध धरायची. बाळाची पापी घेतात तसा ओठांचा आवाज करत हवा आत ओढायची. दुसऱ्या हाताचा खोलगट पंजा फुलाच्या तोंडाशी धरायचा आणि तो उघडत-मिटत आवाजाला गोडवा आणायचा. माझे ओठ दुखायचे, लाळ नळीत जायची आणि आवाज निघालाच तर चिरका. "कमी वाजव," तो सांगायचा. "मादी सारखी बोलत राहिली की नराला संशय येतो." जाताना त्याने तुतारी मलाच दिली आणि सराव सोडू नकोस म्हणून बजावलं.

आता आमचं घर मस्कतच्या दार्सैत भागात. इमारत अशी की, शेजारच्या कुकरची शिट्टी आपलीच समजून गॅस बंद करायला धावावं. त्यात सासूबाई गावाहून चार महिने राहायला आल्या होत्या. मालवणच्या बाजूच्या, ताठ कण्याच्या, नजरेत धाक असलेल्या. मी पुण्याची, त्यांच्यापुढे मी अजूनही जपूनच बोलायची. अमेरिकन माणसाने दिलेली नळी तोंडात घालून मी चोखत बसते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून मी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून सराव करायची.

पहिल्याच आठवड्यात त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गो, हयसर कोंबडी खंय आसा?"

"कोंबडी? नाही हो, आई."

"मिया आयकलंय. खुडूक कोंबडी आसा. आजारी आसतली."

माझ्या वाजवण्याची ही पहिली जाहीर समीक्षा. खरं सांगून टाकायची वेळ हीच होती, पण मला भलतीच मजा वाटली. मी दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या कपाटाआडून एकदाच वाजवलं. त्या बाल्कनीत जाऊन वाकून बघायला लागल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात वाजवलं. त्यांनी वॉचमनला गच्चीवर पाठवलं. संध्याकाळी कृष्णमंदिरात गेल्यावर त्यांनी बायकांना सांगितलं, की आमच्या इमारतीत कुणीतरी चोरून कोंबडी पाळली आहे आणि तिला दाणापाणी देत नाही. दोघी-तिघींनी आपणही ऐकल्याचं शपथेवर सांगितलं. त्यांतली एक तर आमच्यापासून कितीतरी लांब, वादी अदाईला राहत होती.

एका दुपारी मी कडी लावायला विसरले. दार उघडलं, तेव्हा मी बादली पालथी घालून बसलेली, डोळे मिटलेले, तोंडात तुतारी. डोळे उघडले तर उंबऱ्यात सासूबाई. आता काय होतंय म्हणून मी उभी राहिले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुतारीकडे, आणि हात पुढे केला.

"दी हकडे."

मी दिली. सगळा किस्साही सांगितला, टर्कीसकट. त्यांनी तुतारी पदराने पुसली, ओढून पाहिली. नुसती हवा. पुन्हा ओढली. मग त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढून बेसिनवर ठेवली आणि मऊ, बोळक्या ओठांत नळी धरली.

क्यॉव. क्यॉव, क्यॉव, क्यॉव.

माझ्या अंगावर काटा आला. म्हातारा पार्किंगमध्ये वाजवायचा तो आवाज हाच. जरा घोगरा, लाडात आलेला, शेवटाला उतरत जाणारा. सासूबाईंनी नळी काढली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून डोळा मारला.

त्यानंतर आमचं घर बिघडलं ते बिघडलंच. नवरा आंघोळ करून आला की कपाटातून कोंबडी ओरडायची. तो ऑफिसच्या मीटिंगला लॅपटॉपसमोर बसला की सोफ्यामागून. बिचाऱ्याने आधी फोनची रिंगटोन बदलली, मग कानाच्या डॉक्टरची चौकशी केली. "आये, तुला काही ऐकू येतं?" त्याने विचारलं. "नाय रे बाबा," सासूबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

थंडीत एका शुक्रवारी सकाळी अर्बाबचा फोन आला. तो हिंदी झकास बोलतो. "मॅडम, वो सीटी लेके बरका आओ. मेरा टर्की भाग गया." बरक्याला त्याची खजुराची बाग आहे. तिथल्या पिंजऱ्यातून टर्कीचा नर निसटला होता आणि लिंबाच्या झाडांत राहून कुणाच्याही हाती लागत नव्हता. नवऱ्याने गाडी काढली. कोंबडीचं गुपित त्याला वाटेतच सांगावं लागलं. त्याने आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

बागेत पोचलो तर कामगार जाळी घेऊन घामाघूम. दूर लिंबाखाली तो पक्षी उभा, काळाकभिन्न, लाल झालर लोंबणारा. मी ऐटीत खजुराला टेकून बसले. तुतारी तोंडाला लावली आणि तोंडाला कोरड पडली. बिजागरी करकरली. टर्कीने मान वर केली, माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि तो आणखी आत गेला.

"सर बाजूक," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी रुमालात कवळी काढली, मुलाच्या हातात दिली आणि माझ्या जागी बसल्या. त्यांनी एकदाच वाजवलं आणि गप्प बसल्या.

लिंबातून गुलगुल-गुलगुल-गुलगुल असं उत्तर आलं. सासूबाईंनी हलकेच आणखी एकदा वाजवलं. पाला सळसळला आणि तो बाहेर आला, आला म्हणजे काय, मिरवत आला. शेपटीचा पंखा उभा, पंख जमिनीला घासत, डोकं निळं पडलेलं. सासूबाई उठल्या आणि वाजवत-वाजवत मागे सरकू लागल्या. तो त्यांच्या पातळाभोवती गिरक्या घेत मागोमाग. त्या पिंजऱ्यात शिरल्या. तोही शिरला. "यल्ला!" अर्बाब ओरडला आणि कामगाराने धाडकन दार लावलं.

सासूबाई आतच राहिल्या.

टर्कीच्या चार खऱ्या माद्या कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता तो सासूबाईंसमोर नाचत होता आणि दाराची वाट अडवत होता. सासूबाई बोळक्या तोंडाने काहीतरी जोरात सांगत होत्या, पण एक अक्षर कळत नव्हतं. नवरा रुमालातली कवळी छातीशी धरून "आये! आये!" करत जाळीभोवती फिरत होता. अर्बाब हसून हसून मातीतच बसला.

शेवटी त्यांनी तुतारी जाळीतून माझ्या हातात सरकवली. मी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला पळाले, घाबरायलाही वेळ नव्हता. ओठ मिटले, पंजा धरला, ओढलं. क्यॉव, क्यॉव. टर्की थबकला. वळला. पिसारा फुलवून थेट माझ्याकडे आला आणि जाळीपलीकडे इतक्या जवळ उभा राहिला, की त्याच्या पिसांची थरथर मला ऐकू येत होती. एक जिवंत प्राणी माझ्या आवाजाला भुलून आला होता. खोटेपणाचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. तोवर सासूबाई दारातून बाहेर पडल्या होत्या.

अर्बाबने कहवा पाजला, खजूर खाऊ घातला आणि म्हणाला, "अम्मा, ये टर्की आपका. काटके भेज देता हूँ."

सासूबाईंनी कवळी बसवली. "काटना नाय," त्यांनी आपल्या हिंदीत दरडावलं. "वो भरवसे से आया. उसको रखने का."

अर्बाबने छातीवर हात ठेवून कबूल केलं. टर्की आजही बरक्याला आहे, चांगला माजलाय म्हणे.

परतताना सीब गावाच्या अलीकडे सासूबाई एकदम हसल्या.

"काय गं, आये?" नवऱ्याने आरशातून विचारलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाशीन माझ्यासाठी कधी असो पिसारो फुलवल्यान नाय."

नवऱ्याने रेडिओ लावला. मी खिडकीकडे तोंड फिरवून ओठ चावत बसले.