को बा न्युनच्या पोटऱ्या

को बा न्युनला विद्यार्थी मी केला. कॉलेजात घालून नव्हे, शर्टाला धरून खेचून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडू नका.

रंगूनला तो सायकलरिक्षा चालवायचा. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही कॉलेजची पोरं लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरलो आणि लष्करानं गोळ्या घातल्या, तेव्हा हा माणूस तीन दिवस जखमींना इस्पितळात पोचवत होता. त्याच्या रिक्षाला बाजूला दोन खुर्च्या, पाठीला पाठ लावलेल्या. पुढं बघणारीत जखमी, मागं बघणारीत त्याला धरणारा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो नेमका लष्कराच्या हाती लागला. मग काय, आमच्याबरोबर तोही जंगल तुडवत थायलंडात आला. मागोमाग त्याची बायको आली, मा सेन यी, पोटात पोर घेऊन. सीमेवरच्या नदीकाठी, मेसोत नावाच्या थाई गावात तिला मुलगी झाली, तिचं नाव छो.

ब्याण्णव साली आम्ही बँकॉकला आमच्याच देशाच्या वकिलातीसमोर निदर्शनं केली. मोठा फलक धरायला उंच माणूस पाहिजे होता, म्हणून त्याला मीच नेलं. तासाभरात सगळे पोलिसांच्या ट्रकात. कोंडवाड्याच्या अंगणात दोन रांगा लावल्या: आमच्याकडून चोरून कामाला आलेले मजूर डावीकडं, विद्यार्थी उजवीकडं. हा भला माणूस सरळ मजुरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"दादा, डोकं फिरलं का तुझं?" मी त्याचा शर्ट धरला. "मजुरांना नदीपार नेऊन लष्कराच्या हातात देतात! इकडं ये. विद्यार्थी म्हणून सांग."

"अरे पण मी चौथीत शाळा सोडली."

"कोण विचारतंय? विद्यार्थ्यांना सोडवायला संयुक्त राष्ट्रांचे लोक येतात. महिन्याभरात बाहेर."

आला बिचारा. नाव लिहून झालं, पुढं शिक्का बसला: विद्यार्थी.

आणि ते मजूर? दहाव्या दिवशी त्यांना ट्रकात घालून सीमेवर नेलं आणि नदीच्या अलीकडंच उतरवून दिलं. चालत अर्ध्या तासात मेसोत! विद्यार्थी म्हणजे मात्र 'राजकारण'. आम्हाला परत पाठवता येईना आणि सोडता येईना. महिन्याभराचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली. मजुरांचं काय होतं आणि विद्यार्थ्यांचं काय, दोन्ही गोष्टी मी नुसत्या ऐकलेल्या होत्या हो. ऐकीव माहितीवर मी एका माणसाचा संसार मोडला.

एका खोलीत आम्ही एकतीसजण. झोपताना एकानं कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांनी बदलायची. रोज दोन वेळा काकडीचं पांचट पाणी आणि भात. खिडकी एकच, तीही डोक्याच्या वर. पण आम्ही पडलो विद्यार्थी! पहिल्या आठवड्यातच समिती केली, अध्यक्ष निवडला, को वुन्ना म्हणून कायद्याचा विद्यार्थी होता तो. खिडकीखाली कोण किती वेळ उभं राहणार यावरही मतदान. आणि सकाळी आठला वर्ग. कॉलेज बुडालं तर बुडालं, शिकणं बुडता कामा नये, असा ठराव आम्ही एकमतानं केला होता. इंग्रजी शिकवायचं माझ्याकडं.

को बा न्युन पहिल्या दिवशी मागं बसून जांभया देत होता. मी म्हटलं, "दादा, पुढं ये."

"कशाला मास्तर? माझी रिक्षा काय इंग्रजीत चालायची?"

पण आला. आणि मग जो लागला म्हणता! फरशीवर खडूनं, भिंतीवर साबणाच्या तुकड्यानं, आधी आपली विसरलेली बर्मी अक्षरं, मग इंग्रजी, दिवसभर गिरवणं चालू. दोन वर्षांत त्याचं अक्षर असं झालं की आमच्यातले पदवीवाले लाजावेत. मी सगळ्यांना दाखवत फिरायचो. छाती फुगवून! जसा काही मीच तो हात घडवला होता. आणि थट्टा करायची सवय त्याची गेली नाही. कुणी संडासाकडं निघालं, की हा पडल्या पडल्या विचारायचा, "कुठं सोडू, साहेब? लांबचं भाडं घेत नाही हां."

पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर मा सेन यीचं पत्र आलं. भेटीच्या दिवशी डबे आणणाऱ्या एका बाईनं भाताखाली दडवून आणलं. आता त्याला वाचून दाखवायला कुणी लागत नव्हतं. त्यानं स्वतःच वाचलं, घडी घातली, आणि माझ्या हातात दिलं.

तिनं लिहिलं होतं: माझ्या आईचे डोळे गेले. गावी तिला कुणी नाही. दिव्यांच्या सणाची पौर्णिमा झाली की मी छोला घेऊन नदीपलीकडं जाते. त्याआधी आलात तर इथंच राहू, आईलाच इकडं आणू. नाही आलात तर माझा इलाज नाही.

नदीपलीकडं लष्कर, आणि लष्कराकडं ह्याचा फोटो. ती गेली की जन्माची ताटातूट. पौर्णिमेला सव्वीस दिवस होते.

"मास्तर," तो म्हणाला, "मी आता मजूर होतो."

कल्पना अगदी साधी. कोंडवाड्याच्या साहेबाला खरं सांगायचं: मी विद्यार्थी नाही, रिक्षावाला आहे, चुकून ह्या रांगेत आलो. मजुरांचा ट्रक दर गुरुवारी जायचा. फक्त दोन विद्यार्थ्यांची साक्ष पाहिजे होती. समितीपुढं विषय आला आणि को वुन्ना उसळला.

"एक नाव खोटं निघालं की एकतीसही नावं खोटी! उद्या म्हणतील, तुमच्यातला विद्यार्थी कोण आणि हमाल कोण? सगळ्यांना पलीकडं ढकलतील."

"लाज वाटते का रे?" मी ओरडलो. "ह्यानं रिक्षात घातला नसता तर तुझा भाऊ रस्त्यातच मेला असता!"

"भावाला मध्ये आणू नकोस, को म्यात."

"आणणार! त्याचं रक्त ह्याच्या खुर्चीवर सांडलंय."

मतदान झालं. सतरा त्याच्या बाजूनं, तेरा विरुद्ध. को बा न्युननं स्वतः मत दिलं नाही. स्वतःच्याच रिक्षात स्वतः भाडं म्हणून कसा बसू, म्हणाला. साक्षीची पहिली सही माझी, आणि दुसरी कुणी केली असेल? को वुन्नानं. मान खाली घालून आला आणि करून गेला.

आता अर्ज. मी लिहायला बसलो, तर को बा न्युननं कागद ओढून घेतला. "मास्तर, माझा अर्ज मी लिहितो. तीन वर्षं काय गवत उपटलं?"

आणि मी, गाढव, हरखलो! शेजारी बसून एका शब्दाचं स्पेलिंगसुद्धा सुधारलं. त्यानं सुंदर इंग्रजीत, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलं, की मी एक गरीब, अडाणी सायकलरिक्षावाला आहे. एकतीसजणांनी तो कागद पाहिला. सगळे म्हणाले, वा! एवढी शिकलेली डोकी, एकाच्याही लक्षात आलं नाही.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले तेव्हा बोलावणं आलं. साक्षीदार म्हणून मलाही नेलं. साहेब काही दुष्ट माणूस नव्हता. पन्नाशीचा, कंटाळलेला, समोर फायलींचा ढीग. दुभाषी बाई आमच्याकडचीच, मोन जमातीची.

साहेबानं अर्ज वाचला. परत वाचला. मग चष्मा काढून हसला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच, साहेब," को बा न्युन अभिमानानं म्हणाला. आमचं गाढवपण तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"तू रिक्षावाला."

"हो साहेब. चौदा वर्षं ओढली."

"माझ्या कारकुनाला असं इंग्रजी येत नाही. रिक्षावाल्याला येतं?"

"साहेब, मी शिकवलं!" मी मध्येच बोललो. "इथं, खोलीत. आम्ही वर्ग घेतो."

"म्हणजे विद्यार्थीच ना?" साहेब म्हणाला. दुभाषी बाईनं ते सांगताना खाली बघितलं.

को बा न्युन गडबडला. "साहेब, हात बघा माझे." त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. हँडल धरून धरून त्या हातांना दगडासारखे घट्टे होते, मी स्वतः पाहिलेले. आता तिथं मऊ कातडी, आणि बोटांच्या टोकांना खडूची पूड.

"मग पाय बघा! रिक्षावाल्याचा पाय लपत नाही, साहेब. रंगूनमध्ये कुणालाही विचारा." आणि त्यानं लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

काय सांगू. त्या पोटऱ्या मी रंगूनच्या रस्त्यावर बघितल्या होत्या. पेडल मारताना नारळाएवढे गोळे यायचे. आता नुसती हाडं, वर सैल कातडी. तोही वाकून बघत राहिला. तीन वर्षांत त्यानं स्वतःचे पाय नीट बघितलेच नव्हते बहुतेक.

साहेबानं मला बोट दाखवलं. "तुझी लुंगी वर घे."

मी घेतली. साहेबानं एकदा माझे पाय बघितले, एकदा त्याचे.

"ह्यातला रिक्षावाला कोणता, तूच सांग," तो शांतपणे म्हणाला आणि फाईल मिटली.

खोलीत परतलो. मी भिंतीकडं तोंड करून रडलो. त्याला माझीच काळजी. "मास्तर, जेवून घ्या. काकडी आज बरी आहे."

पौर्णिमा आली आणि गेली. मा सेन यी पोरीला घेऊन नदीपार गेली, हे आम्हाला डबेवाल्या बाईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्गाला को बा न्युन आला नाही. कोपऱ्यात उताणा पडून दोन्ही पाय वर करून हवेत फिरवत होता. डावा, उजवा, डावा, उजवा. घामानं निथळत होता.

"दादा, हे काय?"

"पोटऱ्या परत आणतोय. पुढच्या वेळी साहेबानं विचारलं तर दिसायला नकोत?"

"अरे, पण आता ती..."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. पाय थांबले नाहीत.

मग रोजच. समितीनं त्याला पाय पसरायला दीड हात जागा जास्त दिली. त्यावर मतदान झालं नाही. दोन वर्षांनी नॉर्वेच्या लोकांनी आमच्यातले अकराजण आपल्या देशात आसऱ्याला घ्यायचं ठरवलं. त्यांच्या साहेबांनी त्याला कॉलेजचं नाव विचारलं. त्यानं खरं सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला, आणि विद्यार्थी नाही म्हणून त्याचं नाव कापलं. माझं राहिलं.

जायच्या दिवशी पिशवी घेऊन मी त्याच्यापाशी गेलो. माफी मागायची होती. पाच वर्षं घोकून ठेवली होती. त्यानं पडल्या पडल्या माझ्याकडं बघितलं.

"कुठं सोडू, मास्तर?"

"विमानतळावर," मी म्हटलं.

"लांब आहे. बसा."

मी त्याच्या बाजूला फरशीवर बसलो, मागं तोंड करून, त्याच्या रिक्षातल्या मागच्या खुर्चीत बसावं तसा. त्यानं पाय वर घेतले आणि पेडल मारायला सुरुवात केली. पहारेकऱ्यानं माझं नाव तीनदा पुकारलं, तरी मी उठलो नाही.