तोस आजींच्या खिडकीतला माणूस

आमचा सौमित्र दिवसभर कंपनीत चिपांमधले बारीक दोष शोधतो आणि घरी आला की जुन्या बेसबॉल ग्लोव्हजवरची नावं शोधतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण कपाटातला स्वतःचा शर्ट मात्र त्याला अजून सापडत नाही.

जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचा, तेव्हापासूनचं हे खूळ. इथे नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी आल्यावर जुन्या बाजारात एक चामडी ग्लोव्ह मिळाला आणि आगीत तेल पडलं. पूर्वी अमेरिकेत कंपन्या जाहिरातीसाठी ग्लोव्हच्या तळव्यावर एखाद्या खेळाडूची सही ठशाने उमटवायच्या. नामांकितांच्या सह्या कुणीही ओळखेल. सौमित्रला हवे असतात ते दोन हंगाम खेळून विसरले गेलेले. टॉर्च आडवा धरायचा, उरलेली दोन-तीन अक्षरं टिपायची, शिवणीवरून साल ठरवायचं, मग जुने कॅटलॉग धुंडाळायचे. नाव लागलं की घरात बारसं असल्यासारखी स्वारी खूश.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या तोस आजी एक ग्लोव्ह घेऊन आल्या. वय ऐंशी. महायुद्धाच्या शेवटी गावात उतरलेल्या एका अमेरिकन सैनिकाची ही मुलगी. आईने त्याचं नाव मरेपर्यंत सांगितलं नाही. तिच्या कपाटात निघाला फक्त हा ग्लोव्ह, त्यावर पुसट सही.

"हे नाव वाचता येईल?" एवढंच त्यांनी विचारलं.

तीन आठवड्यांनी सौमित्र सायकल दामटत त्यांच्याकडे गेला. "सापडलं! एल्मर क्लेट!" सोबत कॅटलॉगमधला क्लेटचा फोटोही छापून नेलेला. आजींनी तो छातीशी धरला आणि म्हणाल्या, "पापा."

"मग तू काहीच बोलला नाहीस?" घरी येऊन त्याने हे सांगितलं तशी मी ओरडलेच. "अरे, ती सही हजारो ग्लोव्हजवर असते! दुकानात जाऊन कुणीही विकत घेतो!"

"माझ्या लक्षातच नाही आलं गं, त्यांना काय वाटेल ते. मग त्या रडायला लागल्या. उद्या सांगतो, प्रॉमिस."

तो उद्या काही उजाडला नाही. फोटो फ्रेम होऊन आजींच्या खिडकीत बसला. इथल्या खिडक्यांना पडदे नसतात. टोपी घातलेला क्लेट येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायचा. सौमित्र ऑफिसला लांबच्या रस्त्याने जायला लागला. नवा ग्लोव्ह आणेना. मलाही त्या फोटोची भीती वाटायची. कुण्या परक्या घरातला मेलेला माणूस तिथे आरामात बसलाय आणि आजींचा खरा बाप बाहेर थंडीत ताटकळतोय, असं मनात यायचं.

मार्चमध्ये आजी रस्त्यात भेटल्या. आईच्या कबरीवर नवा दगड बसवतायत, शेजारी क्लेटचं नाव कोरायचंय, सोमवारी कारागीर येणार. त्या आनंदाने सांगत होत्या आणि सौमित्रचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चल," मी म्हटलं. "आता नाही तर कधीच नाही."

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, मोडक्यातोडक्या डचमध्ये, त्याने सगळं सांगितलं. चूक माझी, असंही म्हणाला. आजींनी ऐकून घेतलं. उठून खिडकीतला फोटो आणला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आठ महिने रोज सकाळी मी याच्याशी बोलले," त्या म्हणाल्या. "मग माझे वडील कोण?"

"ते मला नाही सांगता येणार."

आजी कॉफी ओतायला लागल्या. सौमित्र ग्लोव्ह उलटसुलट करत बसला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "एवढंच कळतं की ते डावखुरे होते. हा उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह आहे. चेंडू डाव्याने फेकायचे." पहिल्याच दिवशी त्याला हे दिसलं होतं. नावाच्या नादात सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

आजींचा हात थांबला. किटली त्यांच्या डाव्या हातात होती.

"शाळेत नन्स या हातावर पट्टी मारायच्या," त्या म्हणाल्या. "आईने कधी मारलं नाही. पण मी या हातात चमचा धरला की ती जेवणावरून उठून जायची. मला वाटायचं, तिला माझी शिसारी येते."

त्यांनी किटली खाली ठेवली, उजवा हात हळूच ग्लोव्हमध्ये सरकवला आणि डावा मांडीवर ठेवून त्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या.

"आई, तुला या हातात ते दिसायचे होय," त्या म्हणाल्या. वडिलांना त्यांनी हाक मारलीच नाही.