केरबा या नावाचा अर्थ

शिजलेल्या घुगऱ्यांचा वास आला, की लोहाऱ्यातलं एक बारसं आठवतं आणि माझे कान तापतात. पाळण्याशेजारी उभा राहून मी पाहुण्यांच्या नावांचे अर्थ सांगत होतो. संस्कृत, फारसी, कानडी, काही सोडत नव्हतो. बाळाच्या आजोबांनी हौसेनं स्वतःच्या नावाचं विचारलं, "आन् केरबाचा वो?" मी हात उडवून ओरडलो, "केर म्हणजे कचरा! सुपलीत भरा यांना!" मांडव हसला, आजोबाही हसले. त्यांची थकलेली आई मात्र म्हणाली, "व्हय बाबा. आधीची तीन लेकरं गेली, म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर केरात टाकून उचलला. कचरा समजून तरी मरण न्हेणार न्हाय, म्हणून." पुढं गावोगाव मी पुष्कळ हशे मिळवले, तो एक मात्र अजून परत द्यावासा वाटतो.