आतून ओरखडे आहेत का?

बांग-यो हे नाव आमच्या तोंगकांग बंदरात कुणी हौसेने ठेवत नाही. तिसरीही मुलगीच झाली की ठेवतात. नकुशीच म्हणा ना. आमच्या यो-ताईचं हेच नाव. तिच्यानंतर आठ वर्षांनी भाऊ झाला. त्याचं नाव तियान-सू, देवाने दिलेला. यो-ताई म्हणायची, "दिला देवाने, पण त्याचं शेंबूड-लंगोट केलं मी."

मासळीबाजारामागच्या गल्लीत आमची दारं समोरासमोर. ती सकाळी बुटक्या स्टुलावर बसून कोळंबी सोलायची. हात यंत्रासारखा चालायचा आणि तोंड त्याहून जोरात. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दोघी थोरल्या बहिणी केव्हाच वारल्या. मग मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार इस्पितळात जाऊन रक्त धुऊन यायचं आणि उरलेल्या दिवशी पुन्हा कोळंबी.

तियान-सू गोदीत वेल्डिंग करायचा. तेविसाव्या वर्षी तो ट्यूनाच्या बोटीवर गेला. बोट दुरुस्तीला जपानच्या शिओगामा बंदरात लागली. तो गावात उतरला, तो परत बोटीवर चढलाच नाही. कागदपत्रं बोटीच्या कप्तानाकडे, खिसा रिकामा. वर्षभरात दोन पत्रं आली आणि पुढे काही नाही. आई-बाप वाट बघून गेले. मेला असं कुणी सांगितलं नाही म्हणून क्रियाकर्म नाही, देव्हाऱ्यात पितरांच्या पाटीवर नाव नाही. पस्तीस वर्षं.

दुखणं वाढलं तशी यो-ताई देवळातल्या गुरुजींकडे गेली. ते म्हणाले, "त्याच्या आत्म्याला बोलावता येईल, मग पाटीवर नाव घालू. पण अंगावरची एखादी वस्तू लागेल. नाहीतर येणारा कोण, हे मला कसं कळायचं?"

कपडे आईने केव्हाच वाटून टाकले होते. अंगावरचं म्हणजे एकच, मनगटावरचं घड्याळ, आणि तेही त्याच्याबरोबरच गेलेलं. ते यो-ताईनेच मासेमारीची जाळी विणून मिळवलेल्या पैशांतून घेऊन दिलं होतं. निळ्या तबकडीचं, चावी न देता चालणारं, जपानी.

यापुढचं सगळं माझ्यामुळे झालं. माझे यजमान गळाची दोरी गुंडाळणाऱ्या जुन्या चाकांचे शौकीन. ती जपानच्या ऑनलाइन लिलावातून मागवतात. लिलाव परदेशी माणसाला थेट बोली लावू देत नाही, म्हणून मध्ये एजंट लागतो. आमची एजंट च्वांगबाई. तिचं जपानी क्रीम-पावडरीचं दुकान आणि हा जोडधंदा. एकदा मी फोनवर यादी चाळत होते तेव्हा यो-ताईने मान घातली.

"यात घड्याळं पण असतात का गं?"

"हजारांनी. म्हातारी माणसं जातात, घरं रिकामी करतात, सगळं इथे येतं."

ती कोळंबीचे हात एप्रनला पुसत बराच वेळ बघत राहिली.

ते घड्याळ ओळखायच्या दोन खुणा होत्या. सातच्या आकड्याशी, बाहेरच्या कड्यावर, वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेला मसुराएवढा खड्डा. आणि आमचे घड्याळजी क्वा मास्तर यांची खूण. घड्याळ साफ केलं की मास्तर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक गळ कोरतात आणि शेजारी तारीख घालतात. बोटीवर जायच्या आदल्या आठवड्यात तियान-सूचं घड्याळ त्यांनीच उघडलं होतं. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत. ते म्हणाले, "माझा गळ मी अंधारात ओळखीन. फक्त समोर आणा."

दोन वर्षं रोज संध्याकाळी आम्ही निळी घड्याळं बघितली. च्वांगबाईने नियम घालून दिले होते. फोटो धूसर असेल तर सोडा. विकणाऱ्याच्या नावावर जुन्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी असतील तर सोडा. शंका असेल तर आधी विचारा, नंतर रडू नका. दोनदा यो-ताई हट्टाला पेटली आणि दोनदा च्वांगबाईने तिला चक्क झापलं, "ताई, हा माणूस तुमच्या भावाचं नाही, आठवडी बाजारातलं घड्याळ विकतोय."

मग तिसऱ्या वर्षी, चैत्राच्या सुमारास, एक दिसलं. विकणारा शिओगामाच्याच जिल्ह्यातला, शेकड्याने चांगले शेरे मिळालेला. फोटो स्वच्छ. सातच्या आकड्याशी कड्यावर खड्डा.

यो-ताईने माझा फोन दोन्ही हातांत धरला आणि खाली ठेवेना.

"विचारू या, आत गळ आहे का," मी म्हटलं. "सगळी हकिकतच लिहिते. तोही माणूसच आहे."

"खुळ्या आहात का?" च्वांगबाई फोनवर म्हणाली. "तिथला प्रश्न सगळ्यांना दिसतो. खूण, तारीख, भाऊ असलं काही वाचलं की लोकांना वाटणार, घड्याळात काहीतरी खास आहे. बोली अशी चढेल की हात लावायची सोय नाही. चिकट गिऱ्हाइकासारखं विचारा."

ती शहाणी बाई आणि मी कॉलेज शिकलेली. दोघींनी मिळून चिकट गिऱ्हाइकासारखं लिहिलं: 'कड्यावर डाग दिसतो, तो खड्डा आहे का? मागच्या झाकणाला आतून ओरखडे आहेत का?'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. डाग म्हणजे खड्डाच आहे, क्षमस्व. मी दुकानदार नाही, झाकण उघडता येत नाही, क्षमस्व. चिंतेत टाकल्याबद्दल पुन्हा क्षमस्व.

"एवढी क्षमा मागतोय म्हणजे खून केला की काय याने?" यो-ताई म्हणाली. कित्येक दिवसांनी ती हसली.

दुसऱ्या कुणाला खड्ड्याचं घड्याळ नकोच होतं. स्वस्तात मिळालं. विकणाऱ्याने कळवलं, पाठवायला दहा दिवस उशीर होईल, माफी असावी. च्वांगबाई म्हणाली, सभ्य माणूस आहे, काळजी नको. जपानमधल्या तिच्या गोदामात पोचल्यावर फोटो आला.

"किती चकचकीत दिसतंय," मी म्हटलं.

"दिव्यामुळे," यो-ताई म्हणाली.

पार्सल आम्ही क्वा मास्तरांच्या दुकानातच उघडलं. मऊ कागदात घड्याळ आणि हाताने लिहिलेलं पत्र. मास्तरांनी भिंग लावलं, कड्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"खड्डा कुठे आहे?"

कडं सलग होतं. त्यांनी झाकण फिरवून उघडलं आणि उजेडात धरलं. आत आरशासारखं. त्यात मास्तरांचं स्वतःचं नाक दिसत होतं.

पत्र च्वांगबाईने फोनवर वाचून दाखवलं. 'आपल्याला ओरखड्यांची काळजी वाटत होती. परदेशातून इतक्या विश्वासाने घेणाऱ्या माणसाला असं घड्याळ पाठवायची मला लाज वाटली. माझ्या ओळखीच्या कारागिराकडून कडं भरून, पॉलिश करून घेतलं आहे. झाकण आतून फार खरवडलेलं होतं, म्हणून ते नवं बसवलं. याचे काही पैसे नकोत.'

मग यो-ताईने विचारलं, "मास्तर, यंत्रावरून काही?"

"यंत्रं सगळी एकसारखीच गं. नंबर असतो तो झाकणावर."

त्या रात्री मी खरी हकिकत लिहून पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं. कारागीर जुनं झाकण भंगारात टाकतो आणि भंगार त्याच आठवड्यात गेलं होतं. आत काय कोरलं होतं ते त्याला आठवत नाही. घड्याळ तीन वर्षांपूर्वी जवळच्या सेंदाई शहराच्या बाजारात, खोक्यातल्या आणखी पंधरा घड्याळांसोबत घेतलेलं. कुणाचं, कुठल्या घरातलं, ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात त्या माणसाने वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पेटी पाठवली. ती कुणाला उघडवली नाही.

लिलावात शेवटी विकणाऱ्याबद्दल शेरा द्यावा लागतो. च्वांगबाई तापली होती. "असं लिहिते की याचं दुकानच बंद होईल."

"चांगलं लिही," यो-ताई म्हणाली. "आपण जे विचारलं, ते त्याने नीट केलं."

मी गुरुजींकडे तिच्यासोबत गेले. त्यांनी पंचांग उघडून ठेवलं होतं, मुहूर्तही काढला होता. घड्याळ हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यो, खात्री आहे?"

मला वाटलं, हो म्हणेल. हो म्हण, असं मी मनात म्हणतही होते. एका शब्दाने काय बिघडणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुणाचं असलं तर? परका माणूस आई-बापाच्या घरात बोलावून बसवू? आणि त्याचे लोक तिकडे त्याची वाट बघत असतील."

गुरुजींनी पंचांग मिटलं. तिने घड्याळ रुमालात बांधलं. बुधवार होता, म्हणून ती घरी येऊन कोळंबीला बसली.

त्यानंतर तिने निळी घड्याळं बघितली नाहीत. मी एकदोनदा फोन पुढे केला. ती म्हणाली, "कॉलेजवाली, पुरे." पौषात ती गेली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात मला जवळ बोलावून तिने भावाची जन्मवेळ सांगितली. वाघाचा प्रहर, पहाटे तीन ते पाच, बाहेर पाऊस. क्रियाकर्माला ती लागते आणि ती माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी ती लिहून घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "हे घरच्याच माणसाने करायचं असतं. तुझं त्याचं नातं काय?" त्यांनी विचारलं.

समोरचं दार, एवढंच मला सांगता आलं.